मनगटावरचं : पोलादाचं आयुष्य वेगळं, पडद्याचं वेगळं

या वेळच्या पत्रांत चावीची आणि सेलची घड्याळं जवळजवळ नाहीतच. दिवाळीची खरेदी जवळ आली की स्मार्टवॉच घेऊ का, कोणतं घेऊ आणि घेतलंय ते फसलंय का, एवढेच प्रश्न उरतात. माझं दुकान घड्याळदुरुस्तीचं, डोंबिवलीत. वडिलांनी मांडलेल्या काउंटरवरच मी डोळ्याला भिंग लावून बसते. स्मार्टवॉच मी विकत नाही, त्यामुळे अमुक एक खपवण्यात मला रस नाही. त्यांचे पट्टे बदलते, पिना बसवते आणि जे दुरुस्त होण्यासारखं नसतं ते गिऱ्हाइकाला परत देते. यातलं शेवटचं काम फार वाढलंय.

ताई, माझे यजमान जानेवारीत बँकेतून निवृत्त होतायत. मुलगा आणि मुलगी मिळून त्यांना घड्याळ देणार आहेत, चाळीस हजारांपर्यंत. मुलाने सॅमसंगचं गॅलॅक्सी वॉच ६ क्लासिक पसंत केलंय, कारण ते ‘खऱ्या घड्याळासारखं’ दिसतं. यजमान वर्षानुवर्षं एचएमटी कोहिनूर वापरतात; सकाळी चावी दिल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. त्यांना बीपी आहे, गोळी चालू आहे. फोन शाओमीचा, गेल्याच वर्षी घेतलेला. हे घड्याळ त्यांना मानवेल का? त्यातल्या बीपीवर विसंबायचं का?
— एक वाचक, नाशिक

आधी फोन बघा, मग घड्याळ. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती फोनची आहे आणि विकणारे नेमकं तेच विचारत नाहीत. गॅलॅक्सी वॉच ६ क्लासिक अँड्रॉइड फोनला जोडता येतं. आयफोनला नाही, तो रस्ता सॅमसंगने २०२१च्या वॉच ४पासून बंद केला. शाओमीवर ते चालेल. फोन, मेसेज, पावलं, नाडी, झोप हे सगळं मिळेल. पण ईसीजी आणि बीपी ज्या सॅमसंग हेल्थ मॉनिटर अ‍ॅपवर चालतात, ते अ‍ॅप सॅमसंगच्याच फोनवर चालतं. म्हणजे तुम्हाला जे हवंय, नेमकं तेच तुमच्या घरात बंद राहणार. यातून पळवाटा सांगणारे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. गोळी चालू असलेल्या माणसाच्या बीपीसाठी मी तरी त्या सुचवणार नाही.

समजा, सॅमसंगचा फोनही घेतला. तरी ते बीपी कसं काढलं जातं हे समजून घ्या. घड्याळाच्या पोटाशी हिरवे दिवे असतात. ते कातडीवर उजेड टाकतात. प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त वाढतं-ओसरतं, तसा परत येणारा उजेडही कमी-जास्त होतो. यावरून नाडी चांगली कळते. बीपी मात्र थेट कळत नाही, अंदाज बांधावा लागतो. त्या अंदाजाला पाया हवा म्हणून आधी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनवर तीनदा बीपी मोजायचं, ते आकडे घड्याळाला सांगायचे आणि दर २८ दिवसांनी हा सगळा खटाटोप पुन्हा करायचा. तेव्हा दंडाचं मशीन घरात लागणारच आहे. मग सरळ त्याच्यावरच मोजा, वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. गोळीचा डोस घड्याळाच्या आकड्यावर कुणी ठरवू नये. सॅमसंगही तसं म्हणत नाही. ईसीजीचंही तेच. ठोक्यांची लय बिघडलीय का, एवढंच ते बघतं. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही. छातीत कळ आली आणि घड्याळ म्हणतंय सगळं ठीक, म्हणून घरी बसून राहू नका.

हे झालं नडणारं. आता देखणेपणाबद्दल, कारण मुलाने ते त्यासाठी निवडलंय आणि त्याची नजर चांगली आहे.

या घड्याळाच्या काचेभोवतीची कडा फिरते. बोटाने ढकलली की खटखट पुढे सरकते आणि पडद्यावरची पानं उलटतात. सॅमसंगने हे पहिल्यांदा २०१५च्या गिअर एस२मध्ये आणलं, मधल्या काही मॉडेलांतून काढलं, परत आणलं, २०२२च्या वॉच ५मध्ये पुन्हा काढलं आणि २०२३च्या या ६ क्लासिकमध्ये पुन्हा दिलं. शोभेची वस्तू म्हणून लोक तिच्याकडे बघतात, पण माझ्या मते अख्ख्या घड्याळातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे. ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. पाऊस असो, घाम असो, हात कणकेत असोत, कडा मात्र बोटाच्या पेराने फिरवता येते. साठीच्या माणसाला तर बारीक बटणावर नेम धरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. फक्त तिच्या फटीत पीठ, टाल्कम पावडर असलं काहीबाही जाऊन बसतं आणि खटका जड होतो. नळाच्या बारीक धारेखाली धरून फिरवा, मोकळी होते. सुईने कोरू नका.

काच सफायरची आहे, म्हणजे कारखान्यात बनवलेला नीलमच. काठिण्य दहापैकी ९, आपल्या वाळूतला क्वार्ट्‌झ ७. म्हणून वाळूने, दगडी ओट्याने तिच्यावर सहसा ओरखडा येत नाही. पण कठीण वस्तू ठिसूळही असते. फरशीवर कडेने आपटली तर तडकते आणि मग ती काच माझ्यासारखीला बदलता येत नाही, कारण पडदा तिला चिकटवलेला असतो. कोहिनूरची काच मी पाच मिनिटांत बदलून देते, किंमत ऐकून गिऱ्हाईक घासाघीसही करत नाही. दोन्हींतला हा फरक मुलाला सांगा.

केस स्टेनलेस स्टीलची, पट्टा २० मिलीमीटरच्या साध्या मापाचा, म्हणजे गावातल्या कुठल्याही दुकानात चामड्याचा किंवा चेनचा मिळेल. याला मी फार महत्त्व देते. आकार दोन : ४३ आणि ४७ मिलीमीटर. ४७चा पडदा दीड इंची, चश्म्याशिवाय अक्षर वाचायला तोच बरा. पण पट्टा सोडून वजन ५९ ग्रॅम, आणि कोहिनूरची सवय झालेल्या मनगटाला ते चांगलंच जाणवणार. यजमानांना दुकानात नेऊन निदान पाव तास घालायला लावा. ‘सरप्राइज’ करायला मुलांना कितीही हौस असली तरी.

चार्जिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तक्रार बहुतेकांची तीच असते. पडदा सतत चालू ठेवला नाही तर ४० तास, ठेवला तर ३० तास, असा कंपनीचा दावा आहे. व्यवहारात रोज एकदा चार्जरवर ठेवायचं. गंमत अशी की याचा जाच सेलच्या घड्याळवाल्यांना होतो, चावीवाल्यांना होत नाही. सकाळी आठवणीने चावी देणारा माणूस सकाळी आठवणीने चार्जरवरही ठेवेल. आंघोळ, पूजा आणि पेपर होईपर्यंत बरंचसं भरतं. रात्री मात्र हातावरच राहू द्या, नाहीतर झोपेची नोंद व्हायची नाही.

आता निवाडा. हे मॉडेल २०२३चं, तेव्हा ३६,९९९ रुपयांपासून होतं. आज कुणी त्याच किमतीला देत असेल तर उठून चालू लागा, कारण घड्याळाचं स्टील ताजं असलं तरी आतल्या सॉफ्टवेअरची वर्षं केव्हाच मोजायला लागलीत. चांगली सूट मिळत असेल तर घ्या, पण देखणं, वाचायला सोपं, फोन उचलता येणारं घड्याळ म्हणून, बीपीसाठी नाही. २०२५चं ८ क्लासिक मुलगा सुचवेल. त्यालाही फिरती कडा आहे, पण गोल डायलखाली कोपरे मारलेला चौकोन आहे, जो मला अजिबात आवडलेला नाही, आणि भारतात आलं तेव्हाच चाळीसच्या वर होतं. उरलेल्या पैशांतून दंडाचं बीपी मशीन घ्या, आणि कोहिनूरचं एकदा ऑइलिंग करून घ्या. एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय २०१६मध्ये झाला, तरी पार्ट जुन्या बाजारात अजून मिळतात. ते घड्याळ कपाटात टाकू नका. दुसऱ्या हातावर घालत असतील तर हसू नका, माझ्याकडे तसे येणारे बरेच आहेत.

लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने एका फॅशन ब्रँडचं रोझ गोल्ड स्मार्टवॉच दिलं. साडीवर इतकं सुंदर दिसतं की मैत्रिणी आधी त्याच्याबद्दल विचारतात. आता बॅटरी दुपारपर्यंतच टिकते आणि दुकानदार म्हणतो, या ब्रँडने स्मार्टवॉच बनवणंच सोडलं. असं कसं सोडतात? आता काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या ब्रँडचं नाव मी इथे घेत नाही, पण असं सोडतात, आणि मोठेमोठे सोडतात. फॉसिल घ्या. स्वतःच्या नावाने आणि मायकेल कॉर्स, डिझेल, स्केगन, एम्पोरिओ अर्मानी अशा नावांनी या एका कंपनीने देखण्या स्मार्टवॉचचा बाजार भरून टाकला होता. २०१९मध्ये गुगलने त्यांचं थोडं तंत्रज्ञान ४ कोटी डॉलरला विकत घेतलं. २०२१मध्ये जेन ६ हे त्यांचं स्मार्टवॉच आलं, आणि जानेवारी २०२४मध्ये फॉसिलने जाहीर केलं की आता स्मार्टवॉच बंद, पुन्हा साधी घड्याळं आणि दागिने. विकलेल्या घड्याळांना काही वर्षं अपडेट देत राहू, असंही सांगितलं. कारण कळायला अवघड नाही. केस, डायल, पट्टा या गोष्टी फॅशनवाल्यांना उत्तम जमतात. चिप दुसऱ्याची, सॉफ्टवेअर गुगलचं. त्यात काही बिघडलं की शिव्या मात्र केसवर ज्याचं नाव त्याला.

आणि पैसे जास्त मोजले की टिकतं, असंही नाही. २०१५मध्ये अ‍ॅपलने आपलं पहिलं घड्याळ काढलं तेव्हा त्याची अठरा कॅरेट सोन्यातली आवृत्तीही काढली होती, किंमत १०,००० ते १७,००० डॉलर. आतलं यंत्र मात्र सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये होतं तेच. २०१८मध्ये त्या पिढीला नवं सॉफ्टवेअर मिळणं थांबलं आणि २०२३मध्ये अ‍ॅपलने ती घड्याळं कालबाह्य यादीत टाकली, म्हणजे कंपनीकडे दुरुस्तीही नाही. सोनं तेवढं सोन्याच्या भावाने उरलं. माझ्याकडे येणाऱ्या स्टीलच्या केसेस वीस-वीस वर्षं सहज जातात. स्मार्टवॉचचं आतलं यंत्र पाच वर्षं नीट चाललं तर मी म्हणेन छान चाललं. देखण्या स्मार्टवॉचला किती पैसे द्यायचे हे मी या दुसऱ्या आकड्यावरून ठरवते. पहिल्यावरून ठरवणारे पस्तावतात.

बॅटरीचं म्हणाल तर ती झिजणारच. अ‍ॅपल आपल्या घड्याळाच्या बॅटरीबद्दल सांगतं की एक हजार पूर्ण चार्जनंतर तिच्यात मूळच्या ८० टक्के ताकद उरावी अशी तिची बांधणी आहे. रोज एक चार्ज धरला तर पावणेतीन वर्षं. इतरांचं याहून फार वेगळं नसतं. मागचं झाकण गोंदाने चिकटवलेलं असतं. उघडून बॅटरी बदलणारे कारागीर मुंबई-पुण्यात आहेत, पण नंतर पाणी आत जाणार नाही याची हमी त्यांतला शहाणा माणूस देत नाही. तुम्ही साडीवर घालता, म्हणजे भांडी घासताना नसेलच हातात. चांगला कारागीर मिळाला तर बदलून घ्या. तोवर सतत चालू राहणारा पडदा बंद करा, सगळ्या अ‍ॅपच्या सूचना थांबवा, फक्त फोन आणि एखादा मेसेज ठेवा. दुपार जाऊन संध्याकाळ गाठेल.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका : ‘रिसेट करून बघते’. वेअर ओएस, म्हणजे गुगलच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जुन्या घड्याळांना नवीन फोनला जोडायचं तर आधी सगळं पुसावं लागतं, आणि नव्याने सुरू करताना गुगलचं किंवा कंपनीचं अ‍ॅप लागतं. ते अ‍ॅप काढून टाकलेलं असेल तर घड्याळ सुरूच होणार नाही. आत्ता चालतंय त्या फोनशी जोडलेलं राहू द्या. जुना फोन विकायचा विचार असेल तर त्याआधी हे आठवा.

पूर्णच बंद पडलं आणि आठवण म्हणून ठेवायचं असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून, बंद करून, कोरड्या डबीत ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी पुढे फुगण्याची भीती असते. आणि पुढच्या वाढदिवसाला नवऱ्याला सांगा, रोझ गोल्डचं साधं घड्याळ आण. साडीवर तेच दिसेल आणि त्याचा सेल मी बदलून देईन.

ताई, मी लातूरला इंजिनिअरिंगला आहे. बावीसशे रुपयांत गोल्डन चेनचं अ‍ॅमोलेड स्मार्टवॉच मिळतंय, त्यात शुगर पण दिसते. बाबांना डायबेटीस आहे. त्यांच्यासाठी घेऊ?
— एक विद्यार्थी

नाही. बाबांसाठी तर नाहीच.

सुई न टोचता, कातडीत काहीही न घुसवता मनगटावरून साखर मोजणारं एकही घड्याळ आज मान्यताप्राप्त नाही. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४मध्ये याबद्दल जाहीर इशाराच दिला : असा दावा करणारं घड्याळ किंवा अंगठी, कुठल्याही ब्रँडची, वापरू नका. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेततं. काही पेशंट दंडावर छोटा गोल सेन्सर लावतात आणि त्याचा आकडा घड्याळावर बघतात, ते वेगळं. तिथे बारीक तार कातडीच्या आत असते आणि घड्याळ फक्त आकडा दाखवायचं काम करतं.

तुझी खात्री पटत नसेल तर दुकानात ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून बघ, घरी असशील तर लाटण्याला. नाडी दिसली तर लगेच हसू नकोस. परत येणाऱ्या उजेडात लय शोधायची हे त्याचं कामच आहे, आणि चांगली घड्याळंसुद्धा कधीकधी निर्जीव वस्तूत लय शोधून काढतात. पण लाटण्याला बीपी १२०/८० आणि साखर १०५ निघाली, तर ते आकडे कुठून येतात ते तू इंजिनिअर आहेस, तुझं तूच ओळख.

तुला स्वतःला कॉलेजात घालायला हवं असेल तर घे की, बावीसशे रुपयांत वेळ, पावलं, फोनची घंटा आणि मित्रांत मिरवणं एवढं मिळतं, ते वाईट नाही. फक्त दोन गोष्टी तपास. माहितीपत्रकात केस ‘झिंक अलॉय’ची लिहिली असेल तर तो सोनेरी मुलामा घामाने कोपऱ्यांवरून आधी जाणार. लातूरच्या उन्हाळ्यात फार वाट बघावी लागायची नाही. आणि विकत घ्यायच्या आधी मित्राला एक मेसेज पाठवायला सांग : ‘ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, कर्तृत्व’. कित्येक स्वस्त घड्याळांत जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो, नाहीतर नुसत्या चौकटी दिसतात. आईचा मेसेज वाचता येत नसेल तर त्या अ‍ॅमोलेडचा काय उपयोग?

सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, गावी दिवसभर एकट्या असतात. पडल्या तर कळावं म्हणून महागातलं, चांगलं स्मार्टवॉच घेतलं. त्यांच्या मनगटावर पूर्वीचं गोंदण आहे. घड्याळ नाडी दाखवत नाही आणि सारखं पासवर्ड मागतं. त्या वैतागून काढून ठेवतात. घड्याळ खराब आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

घड्याळ खराब नसावं. त्याला कातडी दिसत नाहीये. गोंदणाची शाई कातडीच्या आत असते आणि ती उजेड शोषून घेते, त्यामुळे रक्ताच्या चढउताराचा उजेड परत येतच नाही. अ‍ॅपलने तर आपल्या सूचनांत लिहूनच ठेवलंय की गोंदणाची शाई, तिची नक्षी आणि गडदपणा यांमुळे नाडी मोजणं अडू शकतं. हातावर आहोत की नाही हेही घड्याळ त्याच दिव्यांवरून ओळखतं. कातडी दिसली नाही की त्याला वाटतं आपण काढून ठेवले गेलोय, म्हणून कुलूप लावून घेतं. आपल्याकडच्या आजींच्या हातावर जिथे गोंदण असतं, तिथे नेमकं घड्याळ बसतं. डिझाइन करणाऱ्यांनी हा हात बहुधा पाहिलेला नाही.

आधी दुसरं मनगट बघा. तिथे गोंदण कमी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा. मोकळी कातडी मिळाली की झालं. पट्टा घट्ट लागेल. काळ्या रबरापेक्षा विणलेला लवचीक पट्टा त्यांना सोसवेल. बांगड्या असतील तर त्या घड्याळाच्या खाली, हाताच्या पंज्याकडे येऊ द्या. वर राहिल्या तर येता-जाता काचेवर आपटतील.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की सेटिंगमध्ये जाऊन ‘मनगट ओळखणं’ बंद करा, म्हणजे पासवर्डची कटकट संपेल. ते करण्याआधी थांबा. अ‍ॅपलच्या घड्याळात हे बंद केलं तर माणूस पडल्यावर घड्याळ आपोआप मदतीचा फोन लावत नाही. ज्यासाठी घेतलंत तेच गेलं. बाकी कंपन्यांच्या घड्याळांत काय होतं ते सेटिंगमध्ये वाचून बघा, आणि पडल्याची सूचना मुळात सुरू आहे का हेही तिथेच तपासा. बऱ्याचदा ती सुरूच केलेली नसते. सासूबाईंचा फोन घरात आणि त्या परसात असतील तर ब्लूटूथ तिथवर पोचतं का, हेही एकदा चालून पाहा. घड्याळात स्वतःचं सिम चालत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग गावात त्या कंपनीची रेंज हवी.

यातलं काहीच जमलं नाही तर घड्याळ परत करा आणि गळ्यात अडकवायचं संकटकाळाचं बटण घ्या. दिसायला ते काही खास नसतं. पण सासूबाई ते काढून ठेवणार नाहीत.

माझ्या घड्याळावर ‘५ एटीएम, ५० मीटर’ लिहिलंय. तारकर्लीला स्कूबाला घालून जाऊ का? चामड्याचा पट्टा आहे, फार सुंदर आहे.
— एक वाचक, मालवण

मालवणात राहून चामड्याचा पट्टा? असो.

५० मीटर म्हणजे ५० मीटर खोल न्या, असं नाही. प्रयोगशाळेत, स्थिर पाण्यात, नव्या घड्याळाने तेवढा दाब सोसला, एवढाच त्याचा अर्थ. पोहा, पावसात भिजा, हरकत नाही. स्कूबाला ५ एटीएमचं घड्याळ नेऊ नका. त्यासाठी वेगळी घड्याळं असतात. अ‍ॅपलचं अल्ट्रा ४० मीटरपर्यंतच्या डायव्हिंगला चालतं असं कंपनी सांगते, पण तेवढ्यासाठी तेवढे पैसे घालायचे का हे तुमचं तुम्ही ठरवा. पाणी अडवतो तो आतला रबराचा बारीक वेढा, आणि रबर म्हातारं होतं. साबण, गरम पाण्याची वाफ आणि सनस्क्रीन त्याचं वय वाढवतात. समुद्राच्या पाण्याहून मला न्हाणीघराची भीती जास्त.

समुद्रातून आलात की घड्याळ गोड्या पाण्याने धुवा, बटणं दाबून-सोडून धुवा, आणि मागच्या चार्जिंगच्या पिना कोरड्या पुसून मगच चार्जरवर ठेवा. पिनांवर हिरवट थर दिसतो तो मिठाचा आणि विजेचा मिळून प्रताप. मऊ ब्रशने जातो, उशीर केला तर पिन खाऊन टाकतो. चामडं लग्नकार्याला ठेवा. रोजला सिलिकॉन किंवा नायलॉनचा पट्टा घाला, आणि त्याखाली लाल चट्टे उठले तर आधी साबण नीट धुतला जातोय का बघा. कित्येकदा दोष घामाचा नसतो, पट्ट्याखाली राहिलेल्या साबणाचा असतो.

शाळेत शिकवते. वर्गात मनगटावर उजळणारा पडदा बरा दिसत नाही, पण पावलं मोजायची आहेत. काही मधलं आहे का?
— एक शिक्षिका, परभणी

आहे. खरे काटे असलेली संकरित घड्याळं मिळतात. गार्मिनच्या विव्होमूव्हमध्ये डायलखाली पडदा लपलेला असतो. टिचकी मारली की उजळतो आणि काटे बाजूला सरकून वाट देतात. एरवी ते साधं, छान घड्याळ दिसतं. बॅटरी काही दिवस जाते. उणं एवढंच की लपलेल्या पडद्यावर लांब मेसेज वाचता येत नाही, आणि तुम्हाला तो वर्गात वाचायचाही नाहीये. परीक्षेच्या दिवसांत मात्र हेही घरी ठेवा. नीटसारख्या परीक्षांत विद्यार्थ्यांना कसलंच घड्याळ चालत नाही, आणि हॉलमध्ये तुमच्या मनगटावर काटे सरकलेले एखाद्या पालकाने पाहिले तर समजावत बसाल.

मी डावखुरा आहे. उजव्या हातावर घातलं तर चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

चालेल. सेटिंगमध्ये ‘उजवं मनगट’ निवडा, नाहीतर पावलं आणि पडदा उजळणं दोन्ही गंडू शकतं. बटणं कोपराच्या बाजूला येऊन दाबायला अवघड जात असतील, तर अ‍ॅपलच्या घड्याळात त्यांची दिशा बदलायची सोय आहे. अख्खं घड्याळ उलटं घालायचं आणि पडदा सुलटा होतो.